कात्रीने फुलवलेली बाग

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहर. सिमिए टेकडीवरच्या हॉटेल रेजिना या जुन्या, भव्य इमारतीतील एक प्रशस्त सदनिका. साल १९५२. वयाची ऐंशी ओलांडलेला एक गृहस्थ चाकांच्या खुर्चीत बसला आहे. त्याच्या एका हातात गडद रंगाने रंगवलेला कागद आहे, दुसऱ्या हातात कात्री. कागदावर पेन्सिलीची एकही खूण नाही. कात्री चालत राहते, कागद वळत राहतो आणि पाहता पाहता पानाचा एक आकार सुटून खाली येतो. जवळ उभी असलेली साहाय्यक तो उचलून टाचणीने भिंतीवर लावते. वृद्ध मान तिरकी करून पाहतो. आकार जरा वर, मग किंचित डावीकडे सरकवायला सांगतो. खुर्चीभोवती रंगीत कपट्यांचा सडा पडलेला असतो आणि भिंतीवर पाने, फुले, फळे दाटत जातात.

हा वृद्ध म्हणजे विसाव्या शतकातील चित्रकलेला वेगळे वळण देणारा फ्रेंच चित्रकार हेन्री मातीस.

आज ठिकठिकाणच्या शाळांत आणि सुटीतील चित्रकला वर्गांत मुलांकडून फुलांची कोलाज करून घेतली जातात. रंगीत कागदाची कापलेली फुले, कापडाचे तुकडे, वर्तमानपत्राची कात्रणे, मेणखडूच्या रेघा असे सारे एकाच कागदावर नांदते. अशा वेळी समोर नमुना म्हणून अनेकदा मातीसच्याच कागदी रचना ठेवलेल्या असतात. त्या पाहून आपल्यालाही हे सहज जमेल, असे मुलांना वाटते. त्यांचे वाटणे चुकीचे नाही. मात्र मुलांना पहिल्याच दिवशी गवसणारे हे सोपेपण मातीसच्या हाती येण्यासाठी पन्नास वर्षांची साधना आणि एक जीवघेणे आजारपण खर्ची पडले होते.

विणकरांच्या गावातला मुलगा

मातीसचा जन्म ३१ डिसेंबर १८६९ रोजी उत्तर फ्रान्समधील ल कातो-कांब्रेझी या गावी झाला. बालपण गेले ते जवळच्याच बोएं या विणकरांच्या गावात. वडील धान्य-बियाण्यांचे व्यापारी होते, तर आईला चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करण्याची आवड होती. बोएंमध्ये उंची, भरजरी कापड विणले जाई. हवा करडी, कारखान्यांच्या धुराने कोंदलेली. पण मागावरचे कापड मात्र रंगांनी उजळलेले. हा विरोधाभास मातीसच्या मनात खोलवर रुजला असावा. पुढे त्याने आयुष्यभर जुनी कापडे, पडदे, गालिचे जमवले आणि चित्रांतून त्यांचा मुक्त वापर केला.

मुलगा चित्रकार होईल, असे मात्र घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हते. वडिलांच्या इच्छेनुसार त्याने पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले आणि सेंट क्वांतां येथील एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी पत्करली. विसाव्या वर्षाच्या सुमारास आजारपणाने त्याला दीर्घकाळ अंथरुणाला खिळवले. वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली आणि त्या पेटीने त्याच्या आयुष्याची दिशाच बदलून टाकली. १८९१ मध्ये वकिली सोडून तो पॅरिसला गेला. वडिलांना हा निर्णय रुचला नव्हता. अर्धशतकानंतर दुसरे एक आजारपण त्याच्या कलेला असेच नवे वळण देणार होते.

रंग आणि रेषेचे भांडण

पॅरिसमध्ये गुस्ताव्ह मोरो या उदारमतवादी शिक्षकाच्या हाताखाली मातीस शिकला. १८९८ मध्ये अमेली पारेरशी त्याचा विवाह झाला. मार्गरित ही विवाहापूर्वीची मुलगी आणि जाँ व पियेर हे दोन मुलगे, असा संसार. उत्पन्न बेताचेच. अमेलीने हॅटचे दुकान काढून घर सावरले. अशाही परिस्थितीत मातीसने सेझानचे एक छोटेसे चित्र विकत घेतले आणि पैशाची कितीही ओढाताण झाली, तरी ते सदतीस वर्षे जवळ बाळगले. १९३६ मध्ये त्याने ते पॅरिस शहराला देऊन टाकले.

१९०५ चा उन्हाळा त्याने आंद्रे देरँ या तरुण चित्रकारासोबत कोल्यूर या समुद्रकाठच्या गावी घालवला. तिथल्या प्रखर उन्हात त्याच्या चित्रांतले रंग निसर्गाशी असलेले नाते तोडून मोकळे झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रे लागली, तेव्हा एकच खळबळ उडाली. एका समीक्षकाने या चित्रकारांची तुलना रानटी श्वापदांशी केली आणि हेटाळणीतून आलेले ते नावच चळवळीला चिकटले. मराठी कलासमीक्षेत ही चळवळ रंगभारवाद या नावाने ओळखली जाते.

याच सुमारास मातीस घरातल्या मुलांची चित्रे बारकाईने पाहत होता. १९०६-०७ च्या सुमारास त्याने मार्गरितचे एक व्यक्तिचित्र रंगवले. सपाट रंग, ठसठशीत बाह्यरेषा आणि वरच्या कोपऱ्यात मुलाने गिरवावे तशा अक्षरांत लिहिलेले तिचे नाव. फ्रेंच भाषेत मार्गरित हे डेझीसारख्या एका साध्या रानफुलाचेही नाव आहे. चित्रांची देवाणघेवाण झाली, तेव्हा पिकासोने मातीसकडून नेमके हेच चित्र निवडले आणि अखेरपर्यंत जपले.

कीर्ती आली, पैसाही आला. तरी एक अडचण मातीसचा पिच्छा सोडत नव्हती. आधी रेषा काढायची आणि मग तिच्यात रंग भरायचा, ही चित्रकाराची नेहमीची रीत. पण रंग भरू लागताच रेषेतली चैतन्याची लय मंदावते आणि रेषा जपावी तर रंग तिचा बंदिवान होतो, असा त्याचा अनुभव होता. हे भांडण मिटवण्यासाठी त्याने असंख्य चित्रे काढली, पुसली आणि पुन्हा काढली.

उत्तराची पहिली चाहूल अगदी अनपेक्षितपणे लागली. अमेरिकेतील संग्राहक आल्बर्ट बार्न्स यांनी १९३० मध्ये आपल्या संस्थेच्या दालनासाठी नृत्याचे एक प्रचंड भित्तिचित्र त्याच्याकडून मागवले. एवढ्या मोठ्या फलकावर आकृत्या पुनःपुन्हा पुसून रंगवणे शक्य नव्हते. म्हणून मातीसने रंगवलेल्या कागदांतून आकार कापले आणि टाचण्यांनी फलकावर लावून ते हवे तसे सरकवले. मापातल्या चुकीमुळे काम नव्याने हाती घ्यावे लागले, त्यामुळे हे भित्तिचित्र पूर्ण व्हायला १९३३ साल उजाडले. त्या वेळी कापलेला कागद हे केवळ एक साधन होते. चित्र झाले की त्याचे काम संपत असे.

मृत्यूच्या दारातून

दुसरे महायुद्ध सुरू झाले, त्याच वर्षी मातीस आणि अमेली विभक्त झाले. पाठोपाठ आतड्याच्या कर्करोगाने त्याला गाठले. जानेवारी १९४१ मध्ये लियाँ येथे त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या गुंतागुंतीतून तो वाचेल, अशी आशा फारशी उरली नव्हती. तो वाचला, तेव्हा तिथल्या शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींनी त्याला मरणातून उठलेला माणूस असेच नाव दिले.

पण पोटाचे स्नायू कायमचे दुबळे झाले होते. ईझलपुढे तासन् तास उभे राहणे संपले. उरलेले आयुष्य बव्हंशी पलंग आणि चाकांची खुर्ची यांतच जाणार होते. ज्या वयात आणि ज्या अवस्थेत माणसे हिशेब पुरे करून स्वस्थ बसतात, त्या वेळी मातीसने हे वाढून मिळालेले दुसरे आयुष्य मानले. एकेकाळी मदतीला घेतलेली कात्री त्याने पुन्हा उचलली आणि ती खाली ठेवली नाही. बसूनच काय, निजूनही कागद कापता येत होता.

तेरियाद या प्रकाशकाच्या आग्रहावरून १९४३-४४ मध्ये त्याने सर्कस, प्रवास आणि आठवणी यांवर आधारित कागदी चित्रांची मालिका केली. पुस्तकाचे नाव ठेवले ‘जाझ’. वीस चित्रे असलेले हे पुस्तक १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गाजले. मातीस मात्र समाधानी नव्हता. कात्रीने कापलेल्या कडांचा जिवंतपणा आणि कागदावर कागद चढल्याने येणारा उठाव छपाईत हरवला, अशी त्याची खंत होती. कापलेला कागद ही छपाईची पूर्वतयारी नसून तेच पूर्ण चित्र आहे, ही जाणीव या असमाधानातून पक्की होत गेली.

युद्धाची सावली

या रंगीत कागदांकडे पाहताना त्यांच्या मागचा काळ विसरता येत नाही. नीसवर बॉम्बहल्ल्याचे सावट आल्याने मातीस १९४३ मध्ये जवळच्या व्हाँस गावी राहायला गेला होता. १९४४ च्या वसंतात अमेली आणि मार्गरित या दोघींना गेस्टापोने अटक केली. दोघी जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात काम करत होत्या. अमेलीला सहा महिने तुरुंगवास घडला. मार्गरितचा अनन्वित छळ झाला आणि तिला जर्मनीतील छळछावणीकडे नेणाऱ्या गाडीत कोंबण्यात आले. वाटेतच ती बचावली. मधल्या काळात दोघींचे काय झाले, याचा मातीसला थांगपत्ता नव्हता. १९४५ च्या सुरुवातीला मार्गरित त्याला भेटली, तेव्हा त्याला सारे तिच्याच तोंडून कळले.

जग जळत असताना आणि पत्नी-मुलगी कैदेत असताना हा माणूस रंगीत कागद कापत बसला, असा आक्षेप कुणी घेईल. या आक्षेपाला मातीसच्या चित्रांत थेट उत्तर सापडत नाही. ‘जाझ’मध्ये तारांकित निळ्या आकाशातून कोसळणारा काळा इकारस आहे, त्याच्या छातीत लाल ठिपका आहे. बाकी त्याच्या फुलांवर युद्धाचा डाग दिसत नाही. ती उदासीनता होती की काळोखाला दिलेला नकार, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ही फुले सुखवस्तू निवांतपणात उमललेली नव्हती, एवढे निश्चित.

कागद, कात्री आणि टाचण्या

मातीसची पद्धत अगदी साधी होती. साहाय्यक कोऱ्या पांढऱ्या कागदावर गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा हात देत. ब्रशचे फटकारे मुद्दाम दिसू दिले जात. कागद वाळला की मातीस रेखाटन न करता थेट कात्री चालवी. आकार जन्माला येई तोच मुळी रंग घेऊन. बाहेरची कड म्हणजे रेषा आणि आतला कागद म्हणजे रंग. दोन्ही एकाच कृतीत साधल्यामुळे पन्नास वर्षांचे भांडण मिटले.

कापून झालेले आकार भिंतीवर टाचले जात. ते लगेच चिकटवायचे नाहीत, हा त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग. कधी दिवस, कधी महिनेही ते भिंतीवर राहत आणि हव्या त्या जागी सरकत. म्हणून आजही या चित्रांत जागोजाग टाचण्यांची भोके दिसतात. गोधडी शिवण्याआधी तुकडे मांडून, उलटसुलट करून पाहणाऱ्या बाईला ही रीत नवी वाटणार नाही. टाचण्या, कात्री आणि नमुने यांत वाढलेला विणकरांच्या गावचा मुलगा म्हातारपणी जणू आपल्या मुळाशी परतला होता.

कापून उरलेला कागदही वाया जात नसे. पान कापल्यावर मागे राहणारी पानाची पोकळी त्याने कित्येक रचनांत पानाइतक्याच मानाने वापरली. १९४६ मध्ये पॅरिसच्या घरात भिंतीवरचा एक डाग झाकण्यासाठी त्याने कागदी पक्षी लावल्याचे सांगतात. त्या पक्ष्यासोबत मासे, पोवळी, शेवाळ येत गेले. सोळा वर्षांपूर्वी ताहिती बेटावर पाहिलेला समुद्र त्या भिंतींवर अवतरला.

प्रार्थनामंदिर

आजारपणानंतर मोनिक बुर्ज्वा नावाची तरुणी परिचारिका म्हणून मातीसकडे आली होती. पुढे ती संन्यस्त होऊन सिस्टर जाक-मारी झाली आणि योगायोगाने व्हाँसमध्येच राहू लागली. तिथल्या जोगिणींसाठी प्रार्थनामंदिर उभारण्याची कल्पना तिच्याकडून मातीसपर्यंत पोहोचली. स्वतः फारसा धार्मिक नसलेल्या मातीसने १९४८ पासून जवळजवळ चार वर्षे या कामाला वाहून घेतली.

खिडक्यांचे आराखडे त्याने कागद कापूनच केले. पिवळा, हिरवा आणि निळा एवढ्या तीनच रंगांच्या काचा आणि त्यांवर निवडुंगाच्या पाना-फुलांचे आकार. उन्हे आली की हे रंग पांढऱ्या फरशांच्या भिंतींवर आणि जमिनीवर पसरतात. जून १९५१ मध्ये या वास्तूची प्रतिष्ठापना झाली. प्रकृती साथ देत नसल्याने मातीस त्या सोहळ्याला जाऊ शकला नाही.

या काळात त्याने घराच्या छतालाही कागद बनवले. लांब काठीच्या टोकाला कोळसा बांधून त्याने पलंगावर पडल्या पडल्या छतावर नातवंडांचे चेहरे रेखाटले. रात्री झोप येत नसे, तेव्हा तेच चेहरे त्याला सोबत करत.

भिंतीवरची बाग

अखेरच्या तीन-चार वर्षांत कागदी रचनांचा आकार वाढत गेला. बागेत फिरणे आता शक्य नाही, म्हणून त्याने खोलीतच बाग उभी केली. १९५२ ची ‘पोपट आणि जलपरी’ ही रचना साडेसात मीटरहून रुंद आहे. रंगीबेरंगी पाने आणि डाळिंबे यांच्या दाटीत एका टोकाला निळा पक्षी, तर दुसऱ्या टोकाला निळी जलपरी. आज ही रचना अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात आहे. १९५३ मधील ‘ला गर्ब’ म्हणजे पानांची पेंडी किंवा गुच्छ. लॉस एंजेलिसमधील एका घराच्या अंगणासाठी केलेली ही रचना भाजलेल्या मातीच्या भित्तिचित्राच्या रूपात त्या शहराच्या कलासंग्रहालयात पाहायला मिळते.

हयातीत या कामाला सर्वांनी मान दिला असे नाही. थकलेल्या चित्रकाराचा विरंगुळा, पोरखेळ, अशी संभावना करणारेही होते. काळाने निकाल वेगळा दिला. २०१४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये केवळ या कागदी चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा पाच लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले.

मुलांच्या हाती कात्री

पोरखेळ हा शब्द हेटाळणीने वापरला गेला, पण त्यातच या कलेचे मर्म आहे. मुलांकडून फुलांचे कोलाज करून घेताना मातीसच्या फुलांची नक्कल करण्यापेक्षा त्याची रीत उचलणे अधिक फलदायी ठरते. बाजारातील घोटीव कागद आणण्याऐवजी जाड कागदावर मुलांनी स्वतःच पोस्टर कलर लावावा. फटकारे दिसले तरी ते पुसू नयेत. कागद वाळला की बोथट टोकाच्या कात्रीने, पेन्सिलीची खूण न करता, थेट आकार कापावा. खरे फूल किंवा पान समोर ठेवून आधी ते नीट न्याहाळले, तर कात्री आपोआप धीट होते. हात स्थिर ठेवून कागद फिरवला, की वळणे सुबक येतात.

आकार तयार झाले की लगेच डिंकाची बाटली उघडू नये. पाने-फुले कार्डशीटवर नुसती मांडावीत, सरकवावीत, दूर जाऊन पाहावीत. जमल्यास एक रात्र तशीच राहू द्यावीत. उरलेल्या कपट्यांतील पोकळ्याही मांडणीत घ्याव्यात. मग हव्या तिथे शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, वाळलेली पाने, मेणखडूचे देठ यांची भर घालावी. मातीसने स्वतः रंगवलेल्या कागदापलीकडे फारसे काही वापरले नाही. पण त्याच्या रीतीत या साऱ्यांना जागा आहे, कारण चुकले तर तुकडा उचलून दुसरीकडे ठेवता येतो. चुकीची भीती गेली की मूल मोकळेपणाने पाहू लागते. चित्र काढता येत नाही म्हणून मागे बसणारे मूलही अशा वेळी पुढे सरसावते.

कलावंताने आयुष्यभर मुलाच्या नजरेने पाहत राहावे, असा विचार मातीसने १९५३ मध्ये एका लेखातून मांडला होता. पाहणे ही आयती मिळणारी गोष्ट नसून तीही एक कष्टाची निर्मिती आहे, हे त्याला अभिप्रेत होते. मुलाची नजर मुलांकडे असतेच. मोठ्यांनी करायचे ते इतकेच, की फूल असेच असते असे सांगून ती हिरावून घेऊ नये.

शेवटचे फूल

१९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळील पोकँटिको हिल्स येथील छोट्या चर्चसाठी मातीसने एका खिडकीचा आराखडा हाती घेतला. ॲबी रॉकफेलर या कलाप्रेमी महिलेच्या स्मृत्यर्थ ती बसवायची होती. चर्चच्या वास्तुशास्त्रात अशा वर्तुळाकार खिडकीला गुलाबखिडकी म्हणतात. मधल्या बिंदूभोवती पाकळ्यांसारखे आकार फुलत जाणारा हा आराखडा त्याने कागद कापून पूर्ण केला. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी नीस येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. सिमिएच्या दफनभूमीत तो विसावला.

ती खिडकी काचेत उतरलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९५६ मध्ये मातृदिनी तिचे समर्पण झाले. आईने दिलेल्या रंगांच्या पेटीपासून सुरू झालेला मातीसचा प्रवास एका आईच्या आठवणीसाठी कापलेल्या कागदी फुलापाशी येऊन थांबला.